मागून येणाऱ्यासाठी

आमच्या बेळगावच्या शेजारून जाणारा हमरस्ता पूर्वी चार नंबरचा होता, आता तो अठ्ठेचाळीस नंबरचा झाला आहे. नंबर बदलला तरी रस्ता तोच. उत्तरेकडं तोंड केलं की निपाणी, कोल्हापूर, पुणे. दक्षिणेकडं केलं की कित्तूर, धारवाड, हुबळी. आपण बहुतेक जण हुबळी-धारवाडला लग्नकार्याला जातो, फार तर बेंगळुरूला मुलाकडं जातो आणि परत येतो. हाच रस्ता पुढं चेन्नईपर्यंत जातो आणि चेन्नईच्या अलीकडं मोटारसायकलींच्या शर्यतीचा ट्रॅक त्याच्याच कडेला आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तेही भाच्यामुळं.

भाचा माझ्या थोरल्या बहिणीचा. शिकलेला, नोकरी करणारा. दोन वर्षांपूर्वी त्यानं सहाशे सी.सी.ची चार सिलिंडरची जपानी गाडी सेकंडहँड घेतली आणि अक्काची झोप उडाली. त्यातच त्यानं गाडी ट्रॅकवर चालवायला जायचं ठरवलं. शर्यत नव्हे, सरावाचा दिवस. पैसे भरायचे, गाडी तपासून घ्यायची आणि मोकळ्या ट्रॅकवर चालवायची. अक्का मला म्हणाली, "तू सोबत जा. तिथं काय चालतं ते डोळ्यांनी बघ आणि मला येऊन खरं सांग. मग मी काय ते ठरवते." मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मशीनवर काढलेली. लोखंड आणि तेल यांतलं मला कळतं, असा तिचा समज. थोडाफार माझाही होता.

निघण्याच्या आदल्या रात्री भाच्यानं ऑइल बदललं. ऑफिसहून यायलाच त्याला दहा वाजले होते. व्हरांड्यात पोतं अंथरलं, खाली जुना पत्र्याचा डबा ठेवला आणि बॅटरी धरायला मला बसवलं. या गाड्यांचा ऑइल फिल्टर म्हणजे इंजिनाच्या पुढच्या अंगाला बाहेरून फिरवून बसवलेला मुठीएवढा पत्र्याचा डबा. आत घड्या घातलेला कागद. इंजिनातलं सगळं तेल त्यातून गाळून पुढं जातं. डब्याच्या तोंडाला रबराची रिंग असते. ती इंजिनाच्या सपाट बैठकीवर दाबून बसते आणि तेल अडवते. अख्खा कारभार त्या एका रिंगेवर. गाडी जोरात पळवली की आतल्या तेलाचा दाब मोटारीच्या टायरातल्या हवेच्या दुपटीहून जास्त होतो.

जुना फिल्टर काढला, तेल डब्यात गळून गेलं. नव्याच्या रिंगेला बोटानं ताजं तेल लावलं आणि हातानं फिरवत बसवला. रिंग बैठकीला टेकली की पुढं पाऊण फेरा, किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तेवढं. त्याहून जास्त नाही. मला शिकाऊ असताना शिकवलेले मेस्त्री कन्नड होते. पाना हातात दिला की शेजारी उभे राहायचे आणि योग्य वेळी एकच शब्द बोलायचे, "साकु." पुरे. कमी आवळलं तर गळतं हे कुणालाही समजतं. जास्त आवळलं तर रिंग चेपते, आटे जातात आणि मग गळतं, हे समजायला वेळ लागतो. मीही त्या रात्री भाच्याला म्हणालो, "साकु."

मग तार बांधायची होती. ट्रॅकवर ज्यातून तेल बाहेर येऊ शकतं असा प्रत्येक बोल्ट तारेनं बांधलेला लागतो. खालचा ड्रेन बोल्ट, तेल ओतायचं झाकण आणि बाहेरून बसवलेला फिल्टर. हादऱ्यानं बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेनं त्याला अडवलं पाहिजे. म्हणून तार नेहमी आवळण्याच्या दिशेला ओढ देईल अशी बांधायची. उलटी बांधली तर ती नुसती शोभेची. बोल्टांच्या डोक्यांना भाच्यानं उद्यमबागेतून बारीक भोकं पाडून आणली होती. फिल्टरला भोक कुठलं पाडणार? त्याच्या अंगाभोवती पाइपाला लावतात तसली स्टीलची क्लिप आवळायची, डबा चेपू न देता, आणि क्लिपेच्या स्क्रूपासून इंजिनावरच्या एखाद्या बोल्टापर्यंत तार न्यायची. तार ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची. दोन पदर करून पीळ द्यायचा, इंचाला सहा ते आठ. हे काम मी स्वतः केलं. इंचाला सात पीळ, सगळे सारखे. टोक आत वळवून ठेवलं, हाताला लागू नये म्हणून. रात्री बारा वाजता मी ती तार बॅटरीच्या उजेडात दोनदा बघितली आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

पहाटे पाचला गाडी पिकअपमध्ये चढवून दोर आवळले आणि निघालो. चालक काकतीचा, बोलणं कन्नड, मध्ये मध्ये मराठी. अक्कानं तिळगुळाचा डबा आणि दशम्या दिल्या होत्या. संक्रांत नुकतीच झाली होती. धारवाडच्या पुढं उजाडलं. कडेला ठिकठिकाणी पाटी दिसते, आपल्या लॉऱ्यांच्या मागंही असते: अवसरवे अपघातक्के कारण. लहानपणी कन्नड वाचायला नुकतंच येऊ लागलं होतं, तेव्हा या पाटीनं मला चक्रावून टाकलं होतं. मराठीत अवसर म्हणजे संधी, सवड. संधीच अपघाताला कारण? मग कळलं, कन्नडात अवसर म्हणजे घाई. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या कुणालाही हा घोळ ठाऊक असेल. आपल्याकडं ज्याला सवड म्हणायचं त्याला शेजारी घाई म्हणतात!

दावणगेरेला लोणी डोसा खाल्ला. चित्रदुर्गाला किल्ला रस्त्यावरूनच दिसतो, दगडांच्या राशीवर दगडांची रास. चालकानं ओबव्वाचं नाव काढलं. हैदर अलीचे शिपाई खडकातल्या एका अरुंद फटीतून एकेक करून आत येत होते आणि पहारेकऱ्याच्या बायकोनं, ओनके ओबव्वानं, हातातल्या मुसळानं त्यांना तिथंच आडवं केलं, ही गोष्ट आपल्याकडच्या कन्नड शाळेत शिकलेल्या प्रत्येक पोराला पाठ असते. सगळा किल्ला भक्कम होता. शत्रू आला तो एका फटीतून, आणि राखणदार तेव्हा जेवायला गेला होता.

बेंगळुरूच्या गर्दीनं तीन तास खाल्ले. होसूरनंतर पाट्या तमिळ झाल्या. कन्नड लिपीशी सवय असल्यानं आता तरी काही वाचता येईल असं वाटतं, पण येत नाही. कृष्णगिरी, वाणियंबाडी, आंबूर करत रात्री नऊला वेल्लोरला पोचलो आणि एका साध्या लॉजवर उतरलो.

त्या रात्री भाच्याला मी एक गोष्ट सांगितली. ती मी अक्कालाही कधी पूर्ण सांगितली नव्हती.

१९८८च्या पावसाळ्यात मी बुलेटवरून आंबोली घाट उतरून सावंतवाडीला चाललो होतो. निघण्याआधी मीच अंगणात ऑइल बदललं होतं. ड्रेन बोल्टाचा वॉशर जुनाच घातला आणि बोल्ट घाईत आवळला. घाटात बोल्ट सैल झाला आणि तेल गळू लागलं. मला काहीच कळलं नाही. माझी गाडी सरळ उतरत होती, पाऊस भुरभुरत होता, मी मजेत होतो. मागून एक नवरा-बायको स्कूटरवर येत होते. एका वळणावर पाठीमागं आवाज आला म्हणून थांबून पाहिलं तर स्कूटर आडवी आणि बाई रस्त्यावर. ओल्या डांबरावर तेलाचा इंद्रधनुष्यासारखा पट्टा, थेट माझ्या गाडीपर्यंत आलेला. बाईंचं मनगट मोडलं होतं. एका टेम्पोतून त्यांना सावंतवाडीच्या दवाखान्यात नेलं. खर्च मी दिला. त्यांच्या नवऱ्यानं मला एक शब्दही वावगा बोलला नाही, आणि तेच मला आजही आठवतं. मी घरी सांगितलं की घाटात अपघात पाहिला, मदत केली. लोकांनी मला चांगला म्हटलं.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, म्हणून तुम्ही तार दोनदा बघितली होय?" मी हो म्हणालो.

पहाटे साडेचारला पुन्हा रस्त्यावर. कांचीपुरमचा फाटा मागं पडला, श्रीपेरुंबुदूर आलं. हे रामानुजाचार्यांचं जन्मगाव. आणि २१ मे १९९१ला राजीव गांधींचा घात झाला तेही इथंच. आता दोन्ही बाजूंना कारखाने आहेत. त्यापुढं इरुंगाट्टुकोट्टै. तिथं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. क्लब १९५३चा. आधी हे लोक शोलावरमच्या युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवत. हा खास बांधलेला ट्रॅक १९९०मध्ये सुरू झाला. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. मी मनात मोठं स्टेडियम धरून होतो. प्रत्यक्षात सपाट माळ, त्यावर काळी गुळगुळीत पट्टी, एका बाजूला गाड्या लावायचे गाळे आणि सकाळच्या धुक्यात गुरगुरणारी इंजिनं. पण डांबर असं की खाली वाकून हात फिरवावासा वाटावा. एक खडा नाही, एक डाग नाही.

डाग का नाही ते तासाभरात कळलं. गाड्यांची तपासणी सुरू झाली. तपासणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, डोक्याला टोपी, हातात छोटी बॅटरी. अंथरलेल्या चटईवर सरळ उताणे झोपून ते गाडीखाली बघत होते. तारेला बोटानं ढकलून पाहत. ज्याची तार ढिली किंवा उलटी, त्याला परत पाठवत. शर्यतींच्या नियमात गाडीच्या पोटाखालचं आवरणही असं लागतं, की इंजिन फुटलंच तर निम्मं तेल आणि पाणी त्यात मावलं पाहिजे, रस्त्यावर सांडता कामा नये. हा सगळा बंदोबस्त कुणासाठी, असं मी त्यांना इंग्रजीत विचारलं. त्यांनी ट्रॅककडं बोट केलं आणि सांगितलं की तेल सांडणारा बहुधा पुढं निघून जातो, पडतो तो मागचा. मी भाच्याकडं पाहिलं. भाच्यानं माझ्याकडं.

आमची पाळी आली. त्यांनी माझी तार पाहिली, बोटानं ओढली आणि मान डोलावली. मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, फिल्टर कधी बदलला? परवा रात्री. बदलल्यावर गाडी किती चालवली? चालवली नाही, मिनिटभर सुरू केली फक्त. तेव्हा त्यांनी फिल्टरच्या भोवतालची जागा फडक्यानं कोरडी पुसली, गाडी सुरू करायला लावली आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवलं. मग बंद करून पांढऱ्या टिश्यू कागदाची घडी फिल्टर आणि इंजिनाच्या सांध्यावरून फिरवली. कागद बाहेर आला. कडेला चार आण्याच्या नाण्याएवढा मधाच्या रंगाचा डाग.

"तंबी, काढून बघ," एवढंच म्हणाले.

पुढचे पाइप थंड होईपर्यंत थांबावं लागलं. तार तोडली. क्लिप सोडली. खाली भांडं ठेवून फिल्टर फिरवून काढला. भाच्यानं आत बोट घातलं आणि त्याचा चेहरा उतरला. इंजिनाच्या बैठकीला एक रबरी रिंग चिकटलेली होती. जुन्या फिल्टरची. परवा रात्री जुना डबा निघाला, पण त्याची रिंग उष्णतेनं बैठकीला चिकटून मागं राहिली होती. तिच्यावर आम्ही नवा फिल्टर नव्या रिंगेसकट चढवला होता. रिंगेवर रिंग. हातानं फिरवताना ती टेकल्यासारखी वाटते, घट्ट झाल्यासारखी वाटते, साकु म्हणावंसं वाटतं. उभ्या गाडीत मिनिटभर गळतही नाही. पण दाब वाढला की एक रिंग दुसरीवरून सरकते, पिचकारी उडते आणि साडेतीन लिटर तेल बघता बघता मागच्या चाकापुढं येतं.

आणि माझी तार? तार जागेवर होती. तिनं फिल्टर फिरू दिला नसता. पण रिंग सरकायला फिल्टर फिरावा लागतच नाही. सात पिळांची ती सुबक तार फिल्टरला घट्ट धरून राहिली असती आणि तेल तिच्या शेजारून बाहेर गेलं असतं.

बॅटरी मी धरली होती. जुना फिल्टर डब्यात टाकताना त्याच्या तोंडाला रिंग आहे का, हे बघायला दोन सेकंद लागली असती. बैठक फडक्यानं पुसून तिच्यावर बोट फिरवायला आणखी चार. आम्हाला घाई होती. अवसर होता, पण कन्नडातला. आंबोलीचा तो पट्टा पाहिलेला माणूस मी, तरी मी तारेकडं बघत बसलो आणि बैठकीकडं बघितलं नाही.

शेजारच्या गाळ्यातला तमिळ मेकॅनिक न बोलावता आला. त्यानं जुनी रिंग नखानं सोडवली, बैठक स्वच्छ पुसली, आमच्याकडचा दुसरा नवा फिल्टर उलटा करून रिंग नीट बसली आहे का पाहिलं, तेल लावलं आणि भाच्याच्याच हातात दिला. भाचा फिरवत होता, तो बघत होता. टेकल्यावर पाऊण फेरा झाला आणि तो म्हणाला, "पोदुम." भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "साकु म्हणतोय तो." तिघंही हसलो. त्याला तिळगुळ दिला. गोड बोला हे तमिळमध्ये कसं म्हणायचं ते आम्हाला येत नव्हतं, पण त्यानं खाल्ला आणि आणखी एक मागून घेतला.

तेल पुन्हा मापानं भरलं. पुन्हा तार बांधली. या वेळी भाच्यानं. पुन्हा गाडी तापवली, पुन्हा कागद फिरवला. कोरडा. भाच्याच्या दोन फेऱ्या हुकल्या होत्या. तो एकदाही कुरकुरला नाही.

दुपारी एका दुसऱ्याच गाडीचं पाणी की तेल ट्रॅकवर सांडलं. वळणावरच्या माणसानं पिवळ्यावर तांबड्या उभ्या पट्ट्यांचं निशाण दाखवलं. रस्ता निसरडा आहे, असा त्याचा अर्थ. पाठोपाठ लाल निशाण आलं आणि सगळ्यांना आत बोलावलं. माणसं पोतं आणि झाडू घेऊन धावली, भुकटी टाकली, घासलं, झाडलं. अर्धा तास वीसेक गाड्या उभ्या. कुणी चिडलं नाही. आपल्या घाटात असं निशाण दाखवायला कुणी नसतं, भुकटी टाकायलाही कुणी येत नाही.

संध्याकाळी शेवटच्या फेरीत भाचा समोरच्या सरळ पट्टीवरून गेला तेव्हा माझ्या छातीत धडधडलं, हे खोटं कशाला सांगू? पण गाडी आत आल्यावर तो हेल्मेट काढायच्या आधी खाली बसला आणि फिल्टरखाली कागद फिरवला. कुणी सांगितलं नव्हतं.

परतीचा रस्ता तोच, पाट्या उलट क्रमानं: तमिळ, कन्नड आणि मग आपल्या दोन्ही. घरी पोचल्यावर अक्कानं विचारलं, "काय बघितलंस?" मी तिला ट्रॅकचं सांगितलं, रिंगेचं सांगितलं आणि आंबोलीचंही सगळं सांगितलं, छत्तीस-सदतीस वर्षं उशिरा. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "पुढच्या वेळी ऑइल दिवसा बदला. रात्री नको." परवानगी मिळाली, असा भाच्यानं त्याचा अर्थ घेतला.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांकडं अशी गाडी नसेल, आणि तार बांधायची गरज तर मुळीच नसेल. पण घरात स्कूटर असेल, बुलेट असेल, कॉलेजला जाणारा मुलगा-मुलगी असेल. चोर्ल्याच्या नाहीतर आंबोलीच्या घाटात जायच्या आधी एवढं करा. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवा, सकाळी त्यावर थेंब आहे का बघा. ऑइल बदलून आणलं असेल तर पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर थांबून, इंजिन बंद करून, खाली वाकून बघा. फिल्टर बाहेरून फिरवून बसवायचा असेल तर मेस्त्रींना विचारा, "जुनी रिंग निघाली का?" कन्नडात विचारा, मराठीत विचारा. चांगल्या मेस्त्रीला राग येणार नाही. तो जुना फिल्टर उचलून तुम्हाला रिंग दाखवील.

आमची ती जुनी रिंग भाच्यानं व्हरांड्यात गाडीची किल्ली अडकवायच्या खुंटीला लावून ठेवली आहे. किल्ली काढताना ती आधी हाताला लागते.